आवाजाचा व्हॉल्व्ह

मोठेबाबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या लक्षात माणसं राहत नसत, टीव्ही राहत. लग्नात कुणी हात जोडले की ते गोंधळत. बाबा कानात सांगत, "दादा, बोथ गावचे सुधाकरराव." मोठेबाबा उजळत. "हां, लाकडी शटरवाला! चार पायाचा!"

आमच्या वांकिडीच्या घरातला व्हॉल्व्हचा टीव्ही त्यांनीच आणलेला. आतल्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, तापेपर्यंत आम्ही काळ्या पडद्यासमोर बसायचं. मोठेबाबा म्हणत, "गरम होऊ दे. घाई काऊन करून राह्यली?" मी दहावीत असताना, घरोघरी रंगीत टीव्ही येत होते तेव्हा, त्याचा आवाज गेला; आवाजाचा व्हॉल्व्ह जळाला होता. तसला व्हॉल्व्ह आता दुकानात मिळत नव्हता. कुणाच्या तरी बंद सेटमधूनच काढावा लागणार होता. बाबांनी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत वाट पायतो, दादा. मंग हा भंगारात."

तेव्हापासून माझे रविवार गेले. मोठेबाबा मला स्कूटरवर बसवून गावोगाव नेत आणि अनोळखी दारात पुढे ढकलत. "तू विचार. इंग्रजी शाळेतली हायेस." जुना टीव्ही मागायला इंग्रजी कशाला लागते, हे विचारायचीही मला लाज वाटे. एका घरी सेटमध्ये कोंबडी अंड्यांवर बसलेली. दुसऱ्या घरी आतलं सगळं काढून देवघर केलेलं. मोठेबाबांनी नमस्कार केला. देवाला की पेटीला, कोण जाणे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी बेज्जूरच्या एका मास्तरांकडे अगदी तसाच सेट असल्याचं कळलं. मी वैतागून नाही म्हटलं. ते एकटे गेले आणि रिकाम्या हातांनी परतले.

"सेट नव्हता?"

"होता ना. समोरच."

"मग?"

"चहा झाला. कापसाच्या गोष्टी झाल्या. मास्तर मानूस, कसं मागू?"

सरकारी मंडल कचेरीत दिवसभर लोकांच्या दरखास्ती, म्हणजे अर्ज, घेणारा हा कारकून माझ्याहून लाजाळू होता! आणि इतके रविवार मला पुढे करून मागे उभा राहत होता. मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले, "एवढं तोंड उघडत नाही तुमचं?"

"तुझं उघडते, बाई. म्हनून तर नेतो."

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी त्यांच्या स्कूटरवर बेज्जूरला गेले. मोठेबाबा स्कूटरपाशीच थांबले. मी विचारलं. मास्तर हसले. "काल दोन तास सेटकडंच पाहत होते तुमचे मोठेबाबा. मला वाटलं, बातम्या लावायच्या असतील." त्यांनी स्वतः व्हॉल्व्ह काढून दिला.

घरी आल्यावर मोठेबाबांनी तो बसवला. आवाज आला, खणखणीत. बाबांनीही हार मानली. आणि मोठेबाबांनी लगेच बटण फिरवून तो इतका बारीक केला की कुणालाच काही ऐकू येईना.

"शेजाऱ्यायले तरास काऊन?" ते म्हणाले.