तोफमावशी आणि खिडकीतली मुलगी

शाळेच्या बसवर अकरा वर्षं काढलेल्या त्या बाईला मुलं तोंडावर 'मावशी' म्हणत आणि पाठीमागे 'तोफ'. दोन्ही तिला ठाऊक होतं. ती दारातून एकदा गरजली की मागच्या बाकावरची कुस्ती जागच्या जागी थांबायची. मुलं चढवायची, डोकी मोजायची, दाराची कडी लावायची आणि पत्र्यावर दोन थापा मारायच्या, की ड्रायव्हरकाका गाडी हलवणार. अकरा वर्षांत एकही मूल चुकीच्या थांब्यावर उतरलं नव्हतं. याची घमेंड तिला होती आणि ती लपवतही नसे.

त्या वर्षी तिसरीतली एक मुलगी नव्याने आली. खिडकीशी बसायची. कुणाकडे बघायची नाही, विचारलं तर बोलायची नाही, दप्तराची चेन सारखी उघडायची-लावायची. आणि मधेच कान दाबून अशी किंचाळायची की काकांचा पाय ब्रेकवर जायचा. आठवड्याभरात पोरांनी तिचं नाव 'भोंगा' ठेवलं. मावशीचंही मत ठरलं होतं: लाडावून डोक्यावर बसवलेली कार्टी.

एका दुपारी ती तिसऱ्यांदा किंचाळली तेव्हा मावशीचं डोकं फिरलं. तिने मुलीचा दंड धरला आणि तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडली, "गप! एकदम गप!"

मुलीने स्वतःचं मनगट दातांत धरलं आणि सोडेचना.

थांब्यावर आई उभी होती, औषधाच्या दुकानातल्या कामावरून धावत आलेली. तिने मनगटावरचे व्रण पाहिले.

"हिच्यावर कोण ओरडलं?"

"मी," मावशी म्हणाली. "मुलीला जरा वळण लावा."

"वळण?" आई म्हणाली. "हिला ऑटिझम आहे. स्वमग्न आहे ती. तुमच्या-माझ्या कानाला जी टिचकी वाटते, ती हिच्या कानात खिळा ठोकल्यासारखी जाते. बसमध्ये कुणीतरी मुद्दाम काहीतरी वाजवतंय. घरी आली की ही घरातल्या सगळ्या स्टीलच्या बाटल्या कपाटात कोंडते. तुम्ही दारात उभ्या असता ना? मग तुमचे डोळे कुठे असतात?"

मावशीने दाराची कडी लावली आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

दुसऱ्या दिवशी ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. तेव्हा दिसलं. सहावीतली दोन वेण्यांची मुलगी हळूच बाटली उचलायची आणि सीटच्या दांडीवर मारायची. टण्ण. शेजारचे चार-पाच जण श्वास रोखून वाट बघायचे. पुन्हा टण्ण. मग किंकाळी, आणि मग तोंडावर हात ठेवून हसणं. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण पहिला राग आला तो स्वतःचाच. इतकी वर्षं डोकी मोजली, डोक्यांत काय शिजतंय ते कधी पाहिलं नाही!

मग तोफ धडाडली. बाटल्या दप्तरांत गेल्या, खेळ बंद. मावशीला वाटलं, जिंकले.

आठ दिवसांनी आई म्हणाली, "आता कुणी चिडवत नाही हो. पण कुणी शेजारी बसतही नाही. काल मला म्हणाली, बस रिकामी असते."

चाळीस मुलांची बस रिकामी. ते वाक्य मावशीला दिवसभर सलत राहिलं. त्यातच शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. पालकांच्या तक्रारी आल्या होत्या; मुलगी सोमवारपासून बसमध्ये नको.

"तिच्याच भल्यासाठी," मोठ्या बाई म्हणाल्या.

"वाजवणारे बसमध्ये बसणार आणि जिला लागतं तिने उतरायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"आवाज खाली, मावशी."

"खाली केला तर इथे कुणाला ऐकू जात नाही. पंधरा दिवस द्या मला. नाही जमलं तर तिच्याबरोबर मलाही उतरवा."

पंधरा दिवस मिळाले, तेही उपकार केल्यासारखे.

मावशी आईकडून एकेक गोष्ट विचारून शिकली. पत्र्यावरची थाप बंद करून ती आरशात हात दाखवू लागली. काका कुरकुरले, तर म्हणाली, "डोळे आहेत ना? वापरा." शाळा सुटल्यावर बस निघायच्या आधी दहा मिनिटं मिळायची. त्या वेळात तिने मुलांना विचारलं, "तुम्हाला काय सहन होत नाही?" कुणाला फळ्यावर खडू किरकिरलेला, कुणाला लोकरीचा स्वेटर. वेण्यांवाली म्हणाली, "नखं कापलेली. अंगावर काटा येतो."

"रोज दोन वेळा धरून कुणी तुझी नखं कापली, आणि तू रडलीस की टाळ्या पिटल्या तर?"

वेण्यांवाली खिडकीबाहेर बघू लागली. मावशीने तिला तिथेच सोडलं नाही. "हिच्याशी बोलायचं तर एकच गोष्ट विचारायची. माझ्याकडे बघ म्हणायचं नाही. आणि थांबायचं. हिचं उत्तर दुरून येतं."

दोन दिवस कुणी हललं नाही. तिसऱ्या दिवशी वेण्यांवाली, कदाचित मावशीच्या धाकाने, त्या सीटवर जाऊन बसली. तिच्या स्वतःच्या दप्तराची चेन अर्ध्यात अडकली होती. "ही कशी काढायची गं?" तिने विचारलं आणि मनात आकडे मोजू लागली. उत्तर एकोणिसाव्याला आलं. "पेन्सिल घास." मुलीने स्वतःची पेन्सिल काढून चेनच्या दातांवर शिसं घासलं, आणि चेन सर्रकन सरकली. दुसऱ्या दिवशी तिघे बिघडलेल्या चेन घेऊन रांगेत उभे! पंधरा दिवस सरले तेव्हा तिला उतरवायचा विषय कुणी काढला नाही. महिन्याभरात वेण्यांवाली तक्रार घेऊन आली, "मावशी, ती मला म्हणते, तू फार बडबडतेस."

"खरं तेच म्हणते," मावशी म्हणाली.

वर्षाच्या शेवटी पालकसभेत मोठ्या बाईंनी 'आमच्या शाळेचा बस-उपक्रम' सांगितला. टाळ्या पडल्या. मावशी मागे भिंतीला टेकून उभी होती. तिच्याने राहवलं नाही.

"उपक्रम कसला? पोरीला बसमधून काढायला निघाला होतात तुम्ही. तक्रारी करणारे इथेच बसलेत. आणि मी तर तिचा दंड धरून ओरडले होते. टाळ्या कुणासाठी वाजवताय? त्या आईची माफी कुणी मागितली? मीही अजून मागितलेली नाही."

ती खुर्च्यांमधून आईपर्यंत गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, चुकलं माझं."

आईने मान हलवली. माफ केलं असं काही ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीला लेखी ताकीद मिळाली: सभेत उद्धट वर्तन. तिने कागद दोनदा वाचला, खाली सही ठोकली आणि कारकुनाला म्हणाली, "त्यात लिहा, पुन्हा करेन." मग ती तरातरा बसकडे निघाली, मुलं सुटायची वेळ झाली होती.