काळ्या नळीचा मावा

काचबाई म्हणायचे तिला. प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काचपट्ट्यांवर मावा चिकटवण्यात गेली, मग दुसरं काय म्हणणार? गुलाबाच्या कळीवरून बारीक ब्रशने किडे उचलायचे, औषधात उकळून आतलं सगळं काढून टाकायचं आणि उरलेली पारदर्शक कातडी काचेवर पसरायची. पाठीमागच्या दोन नळ्या काळ्या असल्या तर तो गुलाबाचा मोठा मावा, फिक्या असल्या तर गवतावर उन्हाळा काढून आलेला. साहेब सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आत ही सांगून मोकळी!

"ओळखलंस ना? मग टाक माझं नाव," साहेब हसत म्हणायचे. आणि ही बया टाकायची. प्रत्येक काचेच्या चिठ्ठीवर, स्वतःच्या सुबक अक्षरात, "ओळख पटवणारे" याच्यापुढे साहेबांचं नाव. रीतच होती तशी. मदतनिसाचं नाव कोण घालतंय?

साहेब निवृत्त झाले. नव्या मॅडम सरळ स्वभावाच्या. म्हणाल्या, "बाई, तंत्रसहायकाची जागा निघालीय. तुमच्याइतका मावा इथं कुणालाच कळत नाही. पण समितीला पुरावा लागतो. तुम्ही ओळखलेली, तुमच्या नावाची एक काच आणा. एकच. पुढचं मी बघते."

"म्हणजे वहिनी, शेवटी किडेच तुमचे पांग फेडणार!" घरी नणंद म्हणाली. कितीतरी दिवसांनी दोघी पोट धरून हसल्या.

तीन दिवस तिने कपाटं उपसली. चार हजार काचा. अक्षर तिचं, नाव साहेबांचं. मनाचा हिय्या करून तिने साहेबांना फोन लावला.

"अगं, चिठ्ठीवर असेल तेच खरं. आता मी काय सांगणार?" म्हणाले, आणि ठेवला की फोन! जीभ तरी कशी रेटली मेल्याची?

चौथ्या दिवशी तळाच्या खणात तिच्या नावाची काच सापडली. पहिल्या वर्षातली होती. पंख फुटलेली, अंगाने काळपट मादी; तिला ती वेगळीच जात वाटली होती, तसंच तिने लिहिलं होतं. खाली साहेबांची लाल शाई: "चूक. गुलाबाचाच मावा, पंख आलेला. नवशिक्यांना दाखवण्यासाठी जपून ठेवणे."

जपून ठेवली होती खरी. चिठ्ठीसुद्धा बदलली नव्हती.

"मिळाली का बाई?" मॅडमनी दारातून विचारलं.

तिने काच पदराने पुसली, होती तिथे ठेवली आणि खण लोटला.

"एक मिळाली," ती म्हणाली. "पण तीही साहेबांनीच ओळखलेली निघाली."