यादीतली शेवटची ओळ

देवावर विश्वास ठेवणारी माणसं आमच्या माण भागात घरटी चार सापडतील. पण देवाकडूनसुद्धा पोच घेतल्याशिवाय हलणार नाही असा माणूस सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. ते आमचे दाजी. हे मी हवेत बोलत नाही. म्हसवडला सिद्धनाथाला अभिषेक केला तेव्हा दाजींनी गुरवाकडं पावती मागितली. गुरवानं अभिषेकाची दिली. दाजी जागचे हलेनात. म्हणाले, "नारळाची?" गुरव म्हणाला, "आवं, नारळ देवानं घेतला." दाजी म्हणाले, "घेतला ना? मग तसं लिहून द्या." मागं रांग तुंबली, बाया कुरकुरायला लागल्या, तेव्हा गुरवानं जुन्या कॅलेंडरचं पान फाडून 'एक नारळ मिळाला' असं लिहून दिलं. तो कागद अजून आहे.

दाजी लष्करात कारकून होते. सरकारनं त्यांना बंदूक चालवायला शिकवलं, पण त्यांचा खरा हात बसला तो शिक्क्यावर. पेन्शनीवर साताऱ्याला आले ते एक हिरवी लोखंडी ट्रंक घेऊन, आणि त्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं आकडा घातला 'एक'. आता आकडा सातावर गेला आहे. बिघडून भंगारात गेलेल्या मिक्सरचं बिल त्यांत आहे, आणि शेजाऱ्याला शिडी दिली त्याची सहीसुद्धा आहे. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. माझी बहीण म्हणायची, "चा प्याल्याची सही तेवढी घेत न्हाईत माझ्याकडनं." त्यावर दाजी गंभीरपणे म्हणायचे, "त्याची गरज नाही. कप साक्षीला असतो." एकदा त्यांची म्हैस सुटून दुसऱ्याच्या गोठ्यात गेली आणि तो गडी म्हैस माझीच म्हणून अडून बसला. दाजी भांडले नाहीत. घरी गेले आणि फाईल घेऊन आले. तिच्यात म्हशीचे चारी बाजूंनी काढलेले फोटो, शिंगांची मापं आणि शेपटाच्या गोंड्याचं वर्णन. दहावं पान उलटायच्या आत तो गडी हात जोडून म्हणाला, "म्हस न्या, पर ती फाईल मिटा."

मी त्यांच्या बरोबर उलटा. शाळा चौथीपर्यंत, तीही मेंढरं वाघरात, जाळीच्या कुंपणात, असली तरच. आमच्यात शब्द दिला की विषय संपला. कागद मागणारा माणूस आम्हाला आपल्यावर थुंकल्यासारखा वाटायचा. त्यामुळं दाजींची मी आयुष्यभर टिंगल केली. बहिणीचा नवरा म्हणून पाया पडायचो आणि पाठ वळली की हसायचो. म्हणून पुढचं सांगताना मान खाली जाते, पण सांगणं भाग आहे.

माझी लेक सांगलीला एका दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी करते. लग्नाच्या आधीच तिनं विश्रामबागेत दोन खोल्यांचं घर घेतलं, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पगारावर कर्ज काढून. मी त्यात विटेएवढीही मदत केली नाही. पण गावात छाती काढून असा फिरायचो की जणू पाया मीच खणला. मग स्थळ आलं. कृष्णाकाठची उसाची माणसं, मुलगा सांगलीतच नोकरीला, दिसायला राजबिंडा. आमच्या दारात याद करायची बैठक बसली. लग्न ठरलं की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून कोणी काय करायचं ते कागदावर उतरवतात, चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात आणि खाली सह्या करतात, ती याद. अक्षर छापल्यासारखं म्हणून लिहायला दाजी. कपडे, भांडी, मंडप, जेवण असं सगळं लिहून झालं. मी सुपारी फोडायला घेतली तेवढ्यात दाजींनी शेवटची ओळ मोठ्यानं वाचली : 'वधूने सांगली येथील घर लग्नाआधी स्वतःच्या कमाईने घेतलेले असून ते देण्याघेण्यात धरलेले नाही, पुढे काही कमीजास्त झाल्यास ते तिचेच राहील.'

मुलाच्या चुलत्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कमीजास्त म्हंजी काय वो पावणं?"

दाजी म्हणाले, "कमी किंवा जास्त."

ते म्हातारं खो खो हसलं, म्हणालं, "लिवलंय ते खरंच हाय, घर पोरीचंच हाय," आणि त्यांनी पहिली सही ठोकली. बाकीच्यांनी त्यांच्या मागून केल्या. मी पण केली, पण माझं डोकं भणभणत होतं. दाजींना गोठ्यात ओढून नेलं आणि म्हणालो, "हळद लागायच्या आदीच काडीमोड लिवतायसा व्हय? शुभ बोलाया तुमची जीभ का वळत न्हाई?" दाजी शांत. म्हणाले, "पावणं, जवान हेल्मेट घालतो ते गोळी लागावी म्हणून घालतो का?" मग माझ्या देखतच लेकीला बोलावून घेतलं. आत्याचा नवरा म्हणून ती त्यांना मामा म्हणते. तिला म्हणाले, "हप्ता तुझ्याच पगाराच्या खात्यातून जाऊ दे. त्याला हौस असली तर दूध-भाजी आणू दे, सिनेमाला नेऊ दे. घरात काही नवं बसवलंस तर पावती तुझ्या नावानं घे. आणि कुणी कितीही प्रेमानं म्हणालं तरी एक ध्यानात ठेव, नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं, खरेदीखतात नाही."

लेक हसली. मी हसलो नाही.

आता माझा पराक्रम ऐका. लग्नाच्या मांडवात मी पाण्याची सोय बघत उभा होतो. पाठीमागं वरपक्षाकडचं कुणीतरी म्हणालं, "दुष्काळी भागातली माणसं ही, जावयाला काय देणार, मेंढराचं पिल्लू?" बसलं ते काळजात. आमच्याकडं आहेर ध्वनिक्षेपकावर पुकारतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी तडक पुकारणाऱ्याकडं गेलो आणि त्याच्या कानात सांगितलं. तो बहाद्दर सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा गरजला, "वधूपित्याकडून जावईबापूंना सांगली विश्रामबाग येथील राहतं घर सप्रेम भेट." टाळ्या पडल्या. माझा फेटा आपोआप वीतभर वर गेला. दाजी पंगतीत बसले होते ते जिलबी तशीच टाकून, उष्ट्या हातानं पळत आले. "पावणं, घर तुमचं नाही. दुसऱ्याची म्हैस दान करता येत नाही. पुकारणं दुरुस्त करा." मी म्हणालो, "लेक माजी हाय. म्हशीला आन् माज्या लेकीला एका दाव्याला बांदू नका. जावा, जेवा."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. तीन वर्षं. भाऊबीजेला बहिणीकडून ओवाळून घ्यायचो ते दाजींकडं पाठ करून. ते मात्र दर दिवाळीला शुभेच्छांचं पत्र पाठवायचे, तेही पोचपावतीचं. पोस्टमन सही मागायचा आणि मी म्हणायचो, "परत न्या." सातव्या ट्रंकेत ती तिन्ही परत गेलेली पत्रं आहेत, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या वर्षी लेकीचं बिनसलं. जावयाला धंद्यासाठी मोठं कर्ज हवं होतं आणि त्यासाठी घरावर स्वतःचं नाव. लेक नको म्हणाली. मग अबोला, मग टोमणे, मग तो आईबापाकडं निघून गेला आणि घटस्फोटाचा कागद आला. त्यात लिहिलं होतं की घर मला लग्नात सासऱ्यांनी दिलेलं आहे, हप्तेही मीच भरले, तरी घर माझ्या ताब्यात मिळावं. पुरावा म्हणून लग्नाची चित्रफीत. सांगलीच्या वकीलबाईंनी ती आम्हाला लावून दाखवली. पुकारणाऱ्याचा तो आवाज, त्या टाळ्या, आणि मिशीला पीळ देत उभा असलेला मी. लेक माझ्याकडं बघत नव्हती. ती खिडकीकडं बघत होती. बाई म्हणाल्या, "आबा, घर असं बोलून देता येत नाही, नोंदणी लागते. आणि जे तुमचं नव्हतंच ते तुम्ही देणार कसं? पण हे कोर्टात लांबलं तर वर्षं जातील, तोवर हिच्या जिवाला घोर. लग्नाच्या वेळचं काही लेखी आहे का?"

मी आयुष्यात पहिल्यांदा कागद शोधायला निघालो. सकाळची एसटी धरून साताऱ्याला गेलो. बसमध्ये दाजींना काय म्हणायचं ते घोकत होतो. दारात उभा राहिलो तर घोकलेलं सगळं उडालं. दाजी बाहेर आले, माझ्याकडं बघितलं आणि घरात बघून बहिणीला म्हणाले, "पाणी दे पावण्यांना. आणि पाच नंबरची किल्ली."

एक शब्द लागट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. ट्रंक उघडली, फाईल काढली, वर लिहिलेलं, 'लेक, सांगली'. आत खरेदीखताची नक्कल, लग्नाच्या आधीच्या तारखेची. बँकेचा उतारा, प्रत्येक हप्ता लेकीच्या पगारातून गेलेला. लेक तो दर सहा महिन्यांनी मामाला पाठवत होती आणि मला पत्ता नव्हता. ओट्याच्या, पंख्याच्या पावत्या. हळदकुंकवाचे ठिपके असलेली मूळ याद. आणि सगळ्यात खाली एक कागद, लग्नाच्या दिवशीच लिहिलेला : 'आज मांडवात वधूपित्याने रागाच्या भरात घर भेट दिल्याचे पुकारले. घर त्यांचे नाही.' खाली दाजींची सही आणि तिच्या शेजारी एक रिकामी जागा. ती जागा तीन वर्षं माझी वाट बघत होती.

मी खिशातून पेन काढलं. दाजींनी माझा हात धरला. "तारीख आजची टाका पावणं. मागची टाकायची नाही. खोट्या तारखेनं खरा कागद नासतो."

आजची तारीख टाकून सही केली. माझी सही म्हणजे तीन वळणं आणि एक शेपूट, पण त्या दिवशी ती काढायला मला शेत नांगरल्याएवढा दम लागला.

पुढं फार ताणलं नाही. वकीलबाईंनी समोरच्यांना बोलावून याद पुढं ठेवली. मुलाचे तेच मिशीवाले चुलते आले होते. त्यांनी चष्मा लावला, सही बघितली आणि पुतण्याला म्हणाले, "सही माजी हाय. मी कोर्टात हुबा ऱ्हायलो तर हेच सांगणार. पोरीचं घर सोड." घराचा हट्ट सुटला आणि दोघांच्या संमतीनं काडीमोड झाला. लेक आजही त्याच दोन खोल्यांत राहते. दारावर तिच्या नावाची पाटी आहे, पांढऱ्या रंगात, दाजींच्या हातची. मी तिथं जातो तेव्हा चप्पल बाहेर काढतो आणि आत बोलावलं की मगच जातो. घर तिचं आहे.

आता दाजी थकलेत. माणसं विसरतात. परवा लेकीला नर्सबाई म्हणाले. मी साताऱ्याला गेलो की खाटेवर उठून बसतात, माझ्याकडं टक लावून बघतात आणि दर खेपेला तोच प्रश्न विचारतात, "पावणं, आपलं भांडण मिटलं का?"

"मिटलं दाजी. कवाच."

"तोंडी?"

मग मी कागद घेतो. 'भांडण मिटले. चूक माझी होती. दाजींचे उपकार आहेत.' खाली तीन वळणं, एक शेपूट आणि आजची तारीख. बहीण म्हणते असे अकरा कागद झालेत. दाजी तो दोनदा वाचतात, घडी घालतात आणि भिंतीला धरत ट्रंकेपाशी जातात. मी कोण ते त्यांना कधी आठवतं, कधी नाही. पण कागद कुठं ठेवायचा ते त्यांच्या हाताला अजून आठवतं. तो माझ्या लेकीच्या फाईलीतच जातो.