आबांची कचरामाफी

आबांच्या घरात कचरा होत नसे. हे माझं मत नव्हे. नगरपालिकेच्या स्वच्छता निरीक्षकाने सही-शिक्क्यानिशी तसं लिहून दिलं होतं. तो कागद आबांनी काचेच्या चौकटीत घालून देवघराशेजारी टांगला होता. पाहुणा आला की आधी कागद, मग पाणी.

मी तेव्हा साक्रीहून बदली होऊन धुळे जिल्ह्यातल्याच एका लहानशा शहरात शाळेवर आलो होतो आणि आबांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. आबा पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून. नोकरीत असताना लोकांचे अर्ज अडवले, निवृत्तीनंतर स्वतः अर्ज करत सुटले. गल्लीतला दिवा लागला नाही, अर्ज. दिवा दिवसाही जळत राहिला, अर्ज. खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना एक असायचीच. जिल्हाधिकारी सकाळच्या चहाबरोबर ती वाचतात, अशी त्यांची श्रद्धा होती.

एका वर्षी नगरपालिकेने कचरा उचलण्याचे दर ठरवून दिले. घराला महिना साठ रुपये, दुकानाला दुप्पट, मंगल कार्यालयाला त्याहून जास्त. लोकांनी शिव्या घातल्या आणि घरपट्टीबरोबर भरून टाकले. आबा मात्र भडकले. “गाडी दारावरून जाते म्हणून पैसे? उद्या कुणाची वरात दारावरून गेली तर बँडचे पैसे मी द्यायचे का?” मग त्यांनी नियमावली मिळवली आणि तिच्यातून एक पोटकलम शोधून काढलं. जे घर आपला कचरा आपल्याच आवारात जिरवील, त्याला शुल्क माफ. त्यासाठी दरवर्षी पंधरा दिवस पाहणी. निरीक्षक रोज सकाळी येणार आणि काहीही बाहेर टाकलं नाही, याची नोंद करणार.

परसात लिंबाखाली खड्डा खणला गेला. भाजीची देठं, सालं त्यात जाऊ लागली. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत पडल्या. कुणी पेढ्यांचा बॉक्स आणला तर पेढे ठेवून बॉक्स त्याच्याच हातात परत. भाडेकरूचा कचरा घरमालकाच्याच नावे धरतात म्हणून मी बिस्किटांचे रिकामे पुडे आणि चहाची पाकिटं डब्यात भरून शाळेत नेऊ लागलो. भाडं कमी होतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही. अक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, मात्र कुणाला भीत नव्हत्या. “बठ्ठा कचरा यास्ना डोकामा शे,” सगळा म्हणजे सगळा, असं हाताने दाखवत त्या मला अहिराणीत म्हणाल्या, “तो कोनता खड्डामा गाडू?”

पाहणी नेमकी वैशाखात आली, आणि पाहणीत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात आखाजीला लेक माहेरी येते. बाई वर्षभर सासरी दिवस मोजते ते याच सणासाठी. आबांची एकुलती एक लेक शालू, रावेरकडे केळीवाल्यांच्या घरी दिलेली, दोन पोरं आणि आंब्यांची पाटी घेऊन आली. अक्कांनी खापरावरच्या पुरणपोळ्यांची तयारी केली होती. रसासाठी पातेलं काढलं, तोच आबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“आंबा खावाले ना नाही,” ते म्हणाले, “पन कोया कोठे जातीन?”

कोय पंधरा दिवसांत कुजत नाही, आणि निरीक्षक काठीने खड्डा उकरून बघतो. तोडगा आबांनीच काढला. रस शेजारच्या घरी काढायचा, पोरांनी तिथेच ओट्यावर बसून खायचं, हात धुऊन घरी यायचं. माहेरी आलेली लेक शेजारच्या ओट्यावर परक्यासारखी बसून जेवली. मी वरून पाहत होतो. मला आबांचा तेव्हा राग आला, आणि आजही येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शालू निघाली. तिच्यामागे पिशवी घेऊन अक्काही बाहेर आल्या. “चाल शालू,” त्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “यास्ना घरना आखरी कचरा बी निंघना.” घरातला हा शेवटचा कचरा असा बाहेर पडत होता, तेवढ्यात निरीक्षक दारात आला. त्याने वही काढली आणि लिहिलं: कचरा आढळला नाही.

अक्का महिन्याभराने परतल्या. शालू आली नाही. पुढच्या आखाजीला अक्काच तिच्याकडे गेल्या, आणि आबा माफी सांभाळत घरी एकटे राहिले, कारण पाहणी पुन्हा वैशाखातच होती. त्यापुढच्या वर्षीही तेच झालं. मग निवडणूक जवळ आली आणि नगरपालिकेने ठराव करून सगळ्यांचंच शुल्क स्थगित केलं. ज्यांनी एक खड्डा खणला नाही, त्यांनाही माफी! आबांनी अर्ज केला: ‘ज्यांना पूर्वीच माफी होती, त्यांचे काय?’ त्याला उत्तर आलं नाही.

यंदा माझी बदली धुळ्यात, देवपूरला झाली. सामान टेम्पोत चढवत होतो, तेव्हा आबा एक कागद घेऊन आले. “सर, जरा भाषा बघा.” वर लिहिलं होतं: ‘विषय: आखाजीस माहेरी येणेबाबत.’ खाली लेकीला विनंती होती, आणि शेवटी हमी: ‘कोयांची विल्हेवाट अर्जदार स्वतः लावील.’ मला हसू आलं आणि ते नीट हसताही येईना. एवढ्या वर्षांत त्या माणसाला आपल्या मुलीशी बोलायची दुसरी रीतच सापडली नव्हती. मी एकही शब्द बदलला नाही.

आखाजीच्या आठवडाभर आधी त्यांचा फोन आला. शालूने उत्तर पाठवलं होतं. “वाचतो,” ते म्हणाले, आणि चष्मा शोधायला त्यांना बराच वेळ लागला. “‘अर्ज विचाराधीन आहे.’”

या शब्दांचा अर्थ त्यांना मी सांगायचा? ज्या अर्जाचं काहीच करायचं नसे, त्यावर हाच शेरा त्यांनी नोकरीभर मारला होता.

“फेटाळला तर नाही ना, सर?” आबांनी विचारलं.