कवळीवाल्यांनी बसवलेलं बोट

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात कवळीवाले राहतात. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, पण गावातली अर्धी म्हातारी मंडळी अजून त्यांच्याच दातांनी जेवतात. दंतवैद्यांनी तोंडाचं माप घ्यायचं आणि त्यावरून कवळी घडवायची ती आमच्या कवळीवाल्यांनी, बाजारामागच्या एका अंधाऱ्या कारखान्यात बसून. काम इतकं नेटकं की विचारू नका. कुठे फट नाही, कुठे वाकडा दात नाही. परिणाम असा की गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं हसू एकसारखं आहे. सोसायटीच्या सभेत कोणी विनोद केला की एकच माणूस वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून हसतोय असं वाटतं.

दोष दिसला की हात शिवशिवणं हा त्यांचा आजार. मापात बुडबुडा राहून प्लास्टरला खळगा पडला की तो भरायचा, कड खडबडीत आली की घासायची, कोपरा उडाला की नवा लावायचा. एका आजोबांनी निरोप धाडला होता, "माझा पुढचा दात पहिल्यापासून तिरका होता, तसाच ठेवा, नाहीतर बायको ओळखायची नाही." कवळीवाल्यांनी तो सरळच बसवला. आजींनी ओळखलं की नाही ते कळलं नाही, पण आजोबा पुढे रस्त्यात भेटले की तोंड मिटून जायचे.

निवृत्त माणसाने काय करावं? झाडांना पाणी घालावं, शब्दकोडी सोडवावीत, शेजाऱ्याच्या मुलाला उपदेश करावा. आमचे कवळीवाले एका सकाळी मागच्या टेकडीवर गेले, ओढ्याच्या चिखलात मुंगसाचं पाऊल उमटलेलं पाहिलं आणि तसेच घरी येऊन प्लास्टरची पिशवी घेऊन परत गेले. झालं! सामान सगळं होतंच. ठशाभोवती पत्र्याची पट्टी गोल खोचायची, रबरी वाटीत प्लास्टर कालवायचं, वाटी तळहातावर आपटून बुडबुडे वर आणायचे आणि हलक्या हाताने ओतायचं. प्लास्टर धरताना आधी गरम होतं, मग गार पडतं. गार पडलं की उचलायचं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशाने चिखल धुऊन काढायचा. मुंगसामागून ससा आला, साळिंदर आलं, कोल्हा आला, रानडुक्कर आलं. एकदा आमची ही त्यांच्याकडे गप्पा मारायला गेली आणि फडक्याखाली उशी आहे समजून टेकली, तर टणक काहीतरी टोचलं.

"अगंबाई! वहिनी, हे काय हो?"

"तरस आहे. मागचा पाय," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "जरा अलीकडे सरका, पलीकडे ओला कोल्हा आहे."

वहिनी म्हणजे कवळीवाल्यांची बायको. ही बाई एवढं सोसते कशी, याचं आम्हाला कोडं होतं. उत्तर होतं टेकडीवरची पायवाट. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, पण फरशीवर आणि डांबरावर नको, मातीवर चाला. तेव्हापासून रोज सकाळी वहिनी पुढे आणि आळीतल्या बायका मागे. कोणाची सून नाकापेक्षा मोती जड झाली आहे, कोणाचा नवरा औषधाच्या नावाखाली काय पितो, सगळे निकाल त्या पायवाटेवर लागत. घरात प्लास्टरचं राज्य, पायवाटेवर वहिनींचं. असा तह होता आणि तो टिकला होता.

त्या पायवाटेच्या तोंडाशी वनखात्याचं माहिती केंद्र आहे. एक खोली, एक नकाशा आणि भुसा भरलेलं एक घुबड. तिथल्या वनसाहेबांना कवळीवाले आपले ठसे दाखवायला न्यायचे. साहेब एकदा म्हणाले, "काचेचं कपाट करून देतो. वर पितळी पट्टीवर तुमचं नाव. पण बिबट्या आणा. ससे-मुंगसं बघायला कोण येणार?"

हे ऐकलं आणि कवळीवाल्यांची झोप उडाली. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात काम केलेला माणूस. काम जितकं चांगलं तितकं ते कोणाच्या लक्षात येऊ नये, असा तो धंदा. आता कुठे काचेआड, नावासकट काहीतरी मांडलं जाणार होतं. उपवर मुलीचा बाप स्थळं पाहत हिंडतो तसे ते ओढ्याकाठी बिबट्या पाहत हिंडायला लागले.

आणि एका सकाळी मिळाला. टॉवेलात गुंडाळून, दवाखान्यातून बाळ आणावं तसा, ते जिना चढून वर आले. सगळ्यांना हाका मारल्या.

"नखं नाहीत, बघा! कुत्र्याची नखं उमटतात. बिबट्या आत ओढून घेतो. पुढचा पाय आहे."

आम्ही पाहिलं. रुंद तळवा, वर गोल बोटं. पण बोटं तीनच. चौथ्याच्या जागी सपाट.

"एक राहिलं वाटतं?" मी म्हणालो. चांगल्या कार्यात शिंकायची मला सवयच आहे.

कवळीवाल्यांचा चेहरा पडला. "बुडबुडा अडकला असणार," ते पुटपुटले. "वाटी नीट आपटली नाही मी."

दुपारी पाहतो तर गडी खिडकीशी बसून बोट घडवतोय. शेजारच्या बोटाबरहुकूम गोलाई धरली, कवळीच्या कामातलं उरलेलं कडक प्लास्टर लावलं, घासलं, रंग जुळवला. जोड शोधून सापडेना. खुद्द बिबट्याने पाहिलं असतं तर खूश होऊन पंजा पुढे केला असता.

दुसऱ्या दिवशी ते ठसा घेऊन केंद्रावर गेले. मीही गेलो, अशा ठिकाणी मी मागे राहत नाही. साहेबांनी पट्टी लावून मापं घेतली, भिंगातून पाहिलं आणि खुर्चीत बसले.

"हा नवा आहे," ते म्हणाले.

"नवा म्हणजे?"

तेव्हा साहेबांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं. टेकडीवर एक म्हातारी बिबटी कित्येक वर्षं आहे. डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात तिच्या पुढच्या पायाचं एक बोट गेलं. अंधारात ओढ्यावर पाणी पिते, निघून जाते, आजवर कोणाच्या वाटेला गेली नाही. लोक उगाच साप म्हणून भुई धोपटतील, म्हणून खात्याने हे बाहेर सांगितलं नव्हतं.

"तिची बोटं तीन. याची चार, आणि कशी ठसठशीत! हा तरणा आहे, बाहेरून आलाय. याचा स्वभाव आम्हाला माहीत नाही. पायवाट आजपासून बंद."

कवळीवाल्यांनी बोलायला तोंड उघडलं. मी पाहिलंय, उघडलं होतं. पण तेवढ्यात सुतार काचेचं कपाट घेऊन दारात उभा राहिला आणि ते तोंड तसंच मिटलं.

संध्याकाळपर्यंत पायवाटेवर साखळी लागली, शेजारी पाटी आली, 'नव्या बिबट्याच्या हालचाली समजेपर्यंत प्रवेश बंद'. जो बिबट्या नाहीच तो हालचाल करणार कशी आणि ती समजणार कोणाला?

वहिनींनी हार मानली नाही. इमारतीच्या आवारात, स्कूटरींच्या मधून, फरशीवर फेऱ्या मारू लागल्या. गुडघा आधी कुरकुरला, मग सुजला, मग जिना चढणंही जड झालं. त्या दिवसभर घरात बसू लागल्या आणि घरात बसल्यावर त्यांची नजर पहिल्यांदा नीट प्लास्टरवर पडली.

"हे रानडुक्कर आजच्या आज गच्चीवर गेलं पाहिजे. आणि त्या साळिंदराला न्हाणीघरात कोणी बोलावलं होतं?"

कवळीवाले मुकाट्याने जनावरं वर नेत आणि खाली येऊन बायकोच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसत. मी एकदा चहाला गेलो होतो तेव्हाची गोष्ट.

"त्या मेल्याला आमचीच टेकडी सापडली!" वहिनी कळवळून म्हणाल्या. "अहो, तुम्ही काढलात ना त्याचा ठसा? कसा आहे हो?"

"चांगला आहे," कवळीवाले पिशवीकडे बघत म्हणाले.

"चांगला म्हणजे?"

"म्हणजे... नीटस आहे."

माझा चहा नाकात गेला. जिन्यात मी त्यांना गाठलं. "कवळीवाले, तुमचा बिबट्या कोणाला चावला नाही, पण वहिनींचा गुडघा खाल्लान त्याने."

"हळू बोला हो! मला काय कळत नाही? पण कपाट झालंय, पट्टीवर नाव कोरायला टाकलंय." मग कठड्याला टेकले. "तिला पायरी चढताना बघवत नाही, एवढं खरं. चला, जाऊन सांगून टाकतो."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा दार लोटलं.

"उशीर झाला. दोन बिबटे आहेत असं मी वर कळवलंय. वरून अभिनंदन आलंय. दुसरा टेकडीवर लावलेल्या कॅमेऱ्यात येत नाही म्हणून जास्तीचे कॅमेरे मंजूर झालेत. आता तो नव्हताच असं कळवू?"

"पण तो नाहीच आहे!"

"आहे याचा पुरावा तुम्ही दिलात. नाही याचा पुरावा कोण देणार?"

"मी देतो ना. बोट मी लावलंय."

"असं चारचौघांत बोलू नका," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "थोडे महिने जाऊ देत. बिबट्या निघून गेला असं दाखवू, पायवाट उघडू."

"आणि तोवर आमच्या हिचा पाय?"

"रविवारी उद्घाटन आहे. जोडीने या."

जोडीने गेले. वहिनी भिंतीला धरत धरत आल्या आणि पहिल्या रांगेत पाय लांब करून बसल्या. त्यांच्या गटातल्या बायका मागे, त्यांच्या मागे म्हातारी मंडळी. साहेबांनी भाषण केलं. टेकडीवर बिबट्यांची संख्या दुप्पट झाली, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. फीत कापली गेली. मग कवळीवाल्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

ते उठले आणि सरळ कपाटाशी गेले. काच सरकवली, बिबट्याचा ठसा बाहेर काढला. खिशातून मेण कोरायची बारीक सुरी काढली आणि त्या देखण्या बोटाच्या बुडाशी लावून दाबली. टक्! बोट अखंड निघून त्यांच्या तळहातावर पडलं. खाली सपाट जागा होती आणि तिच्यावर एक आखूड, वेडीवाकडी वळी. बुडबुड्याचा खळगा असा नसतो. तो जुन्या जखमेचा व्रण होता.

कवळीवाले त्या व्रणाकडे बघतच राहिले. ज्याला ते आपल्या हातची चूक समजले होते, ती बिबटीची गेल्या कित्येक वर्षांची खूण होती.

"हे बोट माझं आहे," ते म्हणाले. "म्हणजे मी बसवलेलं. बिबट्या एकच आहे, तुमची म्हातारी. साहेब, पायवाट उघडा."

मग मागच्या रांगेत एका आजोबांनी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळ्यांनी वाजवली. त्यांना वाटलं, हे प्रात्यक्षिक होतं! सगळी रांग ते एकच हसू हसत होती. साहेब माणूस हुशार. त्यांनी घसा खाकरला. "पाहिलंत? प्रत्येक ठशाची आमच्याकडे अशी कसून फेरतपासणी होते!"

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त वहिनींनी. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, आणि ती नजर मी वाचू शकलो नाही. एवढ्या वर्षांच्या शेजारात हे पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी साखळी निघाली आणि पाटी बदलली, 'सखोल तपासणीअंती पायवाट सुरक्षित'. कपाट आहे, पण पितळी पट्टीवर नाव खात्याचं आहे. बिबट्याचा ठसा एका पाकिटात आणि सुटं बोट दुसऱ्या पाकिटात, असे दोन्ही वरच्या कार्यालयात गेले, ते अजून परत आलेले नाहीत. कवळीवाल्यांनी दोनदा जाऊन विचारलं. आता विचारत नाहीत. घरी वहिनी त्यांच्याशी बरेच दिवस कामापुरतं बोलत होत्या, म्हणजे 'पाणी तापलंय' आणि 'दार लावा'.

परवा मी मुद्दाम त्या बायकांच्या मागोमाग टेकडीवर गेलो. वहिनी पुढे होत्या, चाल जरा जपून, पण जीभ पूर्ववत. ओढ्याशी कवळीवाले उकिडवे बसून वाटी आपटत होते. वहिनी थांबल्या आणि चिखलात वाकून पाहिलं.

"अहो, हा कुत्र्याचा आहे. नखं दिसतायत."

"माहीत आहे."

"वर एक नख तुटकं आहे."

"तेही माहीत आहे. म्हणून तर घेतोय," कवळीवाले मान वर न करता म्हणाले. "तुटकं आहे तसं तुटकंच ठेवायची सवय करतोय. अवघड जातंय."

वहिनी सरळ उभ्या राहिल्या. मग वळून बायकांना म्हणाल्या, "कडेने चला गं, पाय पडेल." आणि चार पावलं पुढे गेल्यावर, मागे न बघता, "आणि कुत्रं घरात आणायचं नाही हं! सांगून ठेवते."