काच नसलेल्या नळ्या

करेनला वाळूत विंचू चावेल, ही धास्ती इसाबेलच्या मनातून काही केल्या जात नव्हती. हॉटेलच्या रिसेप्शनवर कडक इस्त्रीत उभी राहणारी तिची सव्वीस वर्षांची लेक सुट्टीच्या पहाटे आखातातल्या अल कुसैस भागात, त्यांच्या बिल्डिंगमागे, मोकळ्या प्लॉटवर पालथी पडून मुंग्यांचे फोटो काढायची.

"अगं, लांबून काढ ना!"

"मम्मी, आय हॅव टु गो क्लोज. चार बोटांवर."

"विंचूपण चार बोटांवरच असतो!"

एकदा करेन ड्युटीवर गेल्यावर खोली आवरताना इसाबेलला तिच्या नव्या एक्स्टेन्शन ट्यूब सापडल्या. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या तीन काळ्या नळ्या. तिने एकीत बोट घातलं, ते आरपार गेलं. दुसरीतही तेच. काचच नाही! पोरीला कुणीतरी चक्क फसवलं होतं. डब्यावर देरा भागातल्या कॅमेऱ्याच्या दुकानाचा पत्ता होता. नळ्या पर्समध्ये टाकून तिने मेट्रो पकडली.

काउंटरवरच्या फैजने हसू दाबलं. "आंटी, इसमें शीशा होता ही नहीं." त्याने नळी लावून कॅमेरा तिच्या अंगठीजवळ नेला. नळीमुळे लेन्स पुढे सरकते आणि अगदी जवळचंही मोठं, स्पष्ट दिसतं, काम तेवढंच. पडद्यावर अंगठीवरचा झिजलेला क्रूस दिसला आणि त्याच्या कडेला सकाळच्या भाकरीच्या पिठाचा कण, दगडाएवढा.

"आई गं!"

"मुझे किसने सिखाया, पता है? करेन मॅडम ने. ये ट्यूब भी उन्हीं को दी थी. आप उनकी मम्मी?" त्याने भिंतीकडे हात केला. तिथे मुंगी होती, हातभर मोठी. मिशीवर दवाचा थेंब, पाठीवरचा केस न् केस मोजून घ्यावा. खाली बारीक अक्षरांत करेन डाबरे.

"माझी मुलगी आहे ती!" इसाबेलने शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाला मराठीतच सांगून टाकलं. तोही मान डोलावून हसला.

दुकान पुढच्या महिन्यापासून दहाबारा जणांना पहाटे असे फोटो काढायला वाळवंटात नेणार होतं. शिकवायला करेनच हवी होती. "पर मॅडम ना बोलीं. मम्मी को टेन्शन होगा, कहती हैं. आज शाम तक दूसरा कोई देखना पड़ेगा."

घरी पोरीने यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं. इसाबेलने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. विंचवाची धास्ती अजून होतीच.

"दूसरा कोई नहीं देखना," तिने फैजला बजावलं. विंचवापासून वाचायला करेनसाठी जाड बुटांचं नंतर बघता येईल. ड्युटीवर फोन करायचा नाही, हा करेनचा नियम तिने चार वर्षांत एकदाही मोडला नव्हता. तिने पर्समधून मोबाईल काढला.