तेरच्या बारवेतला पोलो

कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून आम्ही छोट्या गाडीत बसलो, तेव्हा आमच्यापाशी एक ट्रंक, एक वळकटी, फराळाचा डबा आणि एक फुगवलेला चेंडू एवढं सामान होतं. चेंडू ह्यांच्या मांडीवर होता. लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण ह्यांनी इतकं जपून काही धरलेलं मी पाहिलं नव्हतं.

हे पुण्यात वॉटर पोलो खेळत. पाण्यात पोहत पोहत चेंडू समोरच्या गोलात टाकायचा, असा तो खेळ. खेळण्यापेक्षा त्याचे नियम सांगण्यात ह्यांना अधिक गोडी. निजामाच्या मुलखातल्या तेर गावी पोरांचं एक जलक्रीडा मंडळ निघालं होतं आणि त्याच्या दोन वस्तादांत नियमांवरून बिनसलं होतं. खरं काय ते सांगायला पंच म्हणून ह्यांना बोलावणं आलं. "तिथं बाईमाणसाचं काय काम?" असं सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, ह्यांना तिकीट काढायचं असेल तेव्हा चेंडू कोण धरणार? सासूबाईंना ते पटलं.

बार्शी मागं पडली आणि बालाघाटाचा चढ लागला. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती, मधेच करडईचे पट्टे. चढावर गाडी इतकी सावकाश चालली की आमच्या समोरच्या आजोबांनी खिडकीतून बाहेरच्या गुराख्याशी त्याच्या बैलाच्या दुखण्याची सगळी चौकशी पुरी केली, वर औषधही सांगितलं.

येडशीला करोडगिरीचे (जकातीचे) लोक डब्यात शिरले. एका कारकुनानं चेंडू दाबून पाहिला.

"इसमें क्या है?"

"हवा," हे म्हणाले.

"किधर की?"

"पुण्याची."

कारकून गंभीर झाला. "पूने की हवा आजकल ठीक नहीं, साहब. निकालो."

तो थट्टा करत होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. ह्यांनी मुकाट्यानं चेंडूची वादी सोडली. फुस्स करून सगळी हवा गेली, आणि तेर येईपर्यंत हेही तसेच बसून राहिले.

तेरच्या स्टेशनाबाहेर आमच्यासाठी दोन बैलगाड्या उभ्या होत्या, कारण वस्ताद दोन होते. एक तात्या हवालदार. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्याला गेले होते आणि तिथं गोऱ्या शिपायांना नदीत हा खेळ खेळताना पाहून आले होते. मिशा पिळदार, पागोटं पांढरंशुभ्र. दुसरे चाँदभाई, तेरणेच्या काठचे. गावातल्या निम्म्या पोरांना पोहायला त्यांनीच शिकवलेलं. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, पण आता एकमेकांकडं पाठ करून उभे होते. तात्यांनी ह्यांना आपल्या गाडीत चढवलं, तर चाँदभाईंनी ट्रंक आणि मला.

"बाई, तात्या बसऱ्याला हुता, हे खरं हाय," बैल हाकत चाँदभाई म्हणाले. "पर तो काठावर हुता. पाण्यात कधी उतरलाच न्हाय. त्याला पवायलाच येत न्हाय!"

"मग तुमचं भांडण कशावरून?"

"उन्हाळ्यात झोंबाझोंबीत त्याचा ल्योक गणपत पाण्याखाली गेला. मीच वर काढला. नाकातोंडात पाणी गेलं हुतं, पर पोरगं वाचलं. तवापासून तात्या म्हनतो, चेंडू एकाच हातानं धरायचा, आन् मानसाला हातच लावायचा न्हाय. मी लई सांगितलं, पाण्यात धरायला शिकवलं न्हाय तर पोरगं सुटायला कधी शिकंल? त्यावर म्हनला, तुझं पोरगं असतं म्हंजे कळलं असतं." त्यांनी बैलांना उगीचच हाकारलं. "मला पोरगं न्हाय, बाई. त्याला ठाऊक हाय."

दुसऱ्या गाडीत तात्या ह्यांना सांगत होते, ते मला रात्री कळलं: "चाँद माशावानी पवतो, व्हय. पर माशाला काय नियम असत्यात का, मास्तर?"

रात्री तात्यांच्या घरी गरम भाकरी, शेंगांची चटणी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कढण) असं जेवण झालं. जेवता जेवता चाँदभाईंच्या घरून गुळातल्या शेवयांचं पातेलं आलं. तात्यांनी ते कुणाकडचं म्हणून विचारलं नाही, पण दोनदा वाढून घेतल्या.

सकाळी बारवेवर गेलो. गावाबाहेरची ती दगडी बारव, तीन बाजूंनी खाली उतरणाऱ्या पायऱ्या, आणि काठोकाठ हिरवंगार पाणी. दोन बाजल्यांचं सुंभ काढून त्यांच्या चौकटी समोरासमोर बांधल्या होत्या. ते गोल. चेंडू सायकलच्या पंपानं पुन्हा फुगला होता. लंगोट लावलेली पोरं कुडकुडत ओळीनं उभी होती. निम्मी तात्यांची, निम्मी चाँदभाईंची.

एवढ्यात घोड्याच्या टापा वाजल्या. धाराशिवचे अमीनसाहेब (फौजदार) दोन शिपाई घेऊन आले. त्या दिवसांत चार माणसं जमवायची तर सरकारची परवानगी लागे, आणि पोरांचा आखाडा म्हटलं की साहेबलोकांच्या कपाळाला आठी पडे. म्हणून तात्यांनी अर्ज करताना नुसतं 'पोलो' म्हटलं होतं. पोलो म्हणजे नवाबांचा खेळ, त्याला कोण नाही म्हणणार? साहेबांनी आनंदानं परवानगी दिली, आणि आनंदानंच पाहायला आले होते.

"घोडे किधर हैं?" त्यांनी बारवेत डोकावून विचारलं.

तात्यांच्या मिशा खाली आल्या. शेवटी चाँदभाई पुढं झाले. "हुजूर, ये पानी का पोलो है. घोडे भी हमीच, सवार भी हमीच."

साहेबांचा चेहरा लाल झाला. पण एवढ्या लांबून आले होते, तेव्हा पायरीवर रुमाल अंथरून बसले. खेळ असेल तर खेळा, म्हणाले. पण घोषणा ऐकू आली किंवा कवायत दिसली तर मंडळ आजच बंद आणि बारवेला पहारा. ह्यांनी शिट्टी काढली, तर तीही शिपायानं काढून घेतली. शिट्टी फक्त पोलिसांनी वाजवायची.

बिनशिट्टीचा पंच म्हणजे बिनघंटेचं देऊळ. मग तात्यांच्या घरून पितळी ताट आणि पळी आली आणि ती माझ्या हाती दिली गेली. ह्यांनी हात वर केला की मी ताट वाजवायचं.

खेळ सुरू झाला. ओरडायची बंदी असल्यामुळं पोरं दात-ओठ खाऊन मुक्यानं खेळत होती, फक्त पाण्याचा धपाधपा आवाज. हे प्रत्येक झोंबीला हात वर करत आणि मी ताट बडवत होते. पळी वाकली. मधेच एका पोरानं दोन्ही हातांनी चेंडू धरला. तात्या "फाउल!" म्हणाले, चाँदभाई "न्हाय!" म्हणाले, आणि हे त्या दोघांना पायरीवर उभं करून नियम समजावू लागले. तिघांची पाठ पाण्याकडं. पोरं मात्र खेळतच होती.

माझं लक्ष पाण्यावर होतं. तात्यांचा गणपत आणि दुसरा एक पोरगा झोंबत खाली गेले. दुसरा वर आला. गणपत आला नाही.

मी वाट पाहिली. मग हात वर व्हायची वाट न पाहता जिवाच्या आकांतानं ताट बडवलं आणि ओरडले, "गणपत! गणपत वर आला नाही!"

चाँदभाई वळले. पण त्यांच्याआधी तात्यांनीच उडी टाकली, पागोट्यासकट. पुण्याचे पट्टीचे पोहणारे आमचे हे बुटाच्या नाडीशी झटत होते. नाडीला गाठ बसली होती.

तेवढ्यात लांबच्या गोलापाशी गणपतचं डोकं वर आलं. झोंबीतून सुटून तो पाण्याखालून थेट तिथवर गेला होता. "अरे, चेंडू द्या की हिकडं!" तो ओरडला, आणि मग सगळे भलतीकडंच का बघतात ते त्याला कळेना.

सगळे बघत होते ते पाण्यावर एकट्याच तरंगणाऱ्या पागोट्याकडं. चाँदभाईंनी बुडी मारली आणि तात्यांना वर आणलं. दम खात, तेवढ्यातही, त्यांनी विचारलं, "तात्या, एका हातानं धरू का दोन्ही?"

"धर बाबा!" तात्या पाणी थुंकत म्हणाले. "दोन्ही हातांनी धर! सोडू नगंस!"

पायरीवर आणून ठेवल्यावरही चाँदभाईंनी त्यांना सोडलं नाही. तात्यांनी गणपतला जवळ ओढलं, त्याचं ओलं डोकं चाचपलं, आणि त्याच्याकडं बघतच चाँदभाईंना म्हणाले, "सुटाया शिकवलंस रे याला." चाँदभाईंनी पागोटं पिळलं आणि त्यांच्या डोक्यावर ठेवलं. वाकडंच बसलं ते.

मग एक खदखदणारा आवाज ऐकू आला. अमीनसाहेब पोट धरून हसत होते. "ये लोगाँ आपस में ठीक से डूब नहीं सकते," ते शिपायांना म्हणाले, "सरकार को क्या डुबाएँगे!" मंडळ चालू द्यावं असं त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं. शिट्टी मात्र परत दिली नाही. त्या पोरांतली काही पुढं निजामाविरुद्धच्या चळवळीत गेली असं कानावर आलं, म्हणजे साहेबांचा अंदाज थोडा चुकला. पण त्या सकाळी त्यांचं हसू खरं होतं.

दुपारी पुरुष जेवून लवंडले, तेव्हा चाँदभाईंच्या घरच्या हमीदाबी मला गावातल्या बायकांबरोबर बारवेवर घेऊन गेल्या. लुगड्याचा काचा मारून मी पायरी पायरीनं उतरले. त्यांनी माझ्या पाठीला सुका भोपळा बांधला, पोटाखाली हात धरला, आणि न सांगताच तो काढून घेतला. माझे पाय दगडावरून सुटले. क्षणभर मी किंचाळले आणि मग, काय सांगू, नुसतीच तरंगत राहिले. खाली काहीच नव्हतं आणि मी होते.

परतीच्या गाडीत ह्यांनी दोन्ही वस्तादांना मान्य होईल असा नियम कसा घडवला ते बार्शीपर्यंत सांगितलं. प्रवासाला आपण काही पाहायला म्हणून निघतो. वर्षभर पुण्यात मी ह्यांचा खेळ काठावरून पाहिला होता, आणि काठ हीच माझी जागा असं धरून चालले होते. ती जागा माझी नाही, हे कळायला तेरला जावं लागलं.

"मला पोहायला शिकवाल?" मी विचारलं.

हे चकित झाले, मग खूश झाले आणि सरसावून बसले. "जरूर! आता हे बघ, आधी काही मूलभूत नियम—"

"नाही," मी म्हटलं. "आधी पाणी."